खाणावळीतले उपास

२१ जानेवारी १९८२, गुरुवार

हे गिरणीच्या रंगखात्यात होते, म्हणून रंगाच्या कंपनीचा माणूस दर वर्षी ह्यांच्या नावाने एक डायरी देऊन जातो. हे जाऊन दोन वर्षं झाली हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, मीही सांगत नाही. गेल्या वर्षीची तशीच कोरी गेली. यंदा म्हटलं आपणच लिहू. सातवीपर्यंत शिकलेय, त्याचा कधीतरी उपयोग व्हायला हवा.

सोमवारपासून संप, गिरण्या बंद आहेत. लालबाग इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या खाणावळीचं घड्याळ म्हणजे भोंगा. पहिल्या पाळीची माणसं जेवून जायची, मग दुसरीची यायची, रात्रपाळीची झोपून उठून यायची. म्हणूनच ह्या एवढ्याशा खोलीत एवढी माणसं जेवत होती. आता पाळ्याच नाहीत, सगळ्यांना एकदम भूक लागते. आज निम्मे आत बसले, निम्मे गॅलरीत ताट मांडीवर घेऊन. दत्तू म्हणाला, लग्नाची पंगत बसलीय, फक्त नवरी तेवढी नाही. हा दत्तू मालवणकडचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर असतो. त्याचं कुठलंही बोलणं फिरून त्याच्या लग्नावर येतं.

महिनाभरात मिटेल असं सगळे म्हणतात.

७ मार्च, रविवार

मिटलेलं नाही.

पगार नाही, त्यामुळे खाणावळीचे पैसेही नाहीत. काल धर्माने सगळ्यांच्या वतीने विषय काढला. धर्मा कराडकडचा, अंगाने दांडगा आणि बोलायला भित्रा. पाट सारखा करत म्हणाला, वहिनी, आम्ही आपलं कुठंतरी बघतो. कुठं, असं मी विचारलं तर त्याला सांगता येईना. मग मी सांगून टाकलं की गिरणी सुरू झाली की काय ते द्या, तोवर जेवायला येत जा, आणि पानात काय पडतं त्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

बोलून बसले खरी. नंतर डबे उघडून बघितले आणि जरा वेळ तशीच फळीजवळ उभी राहिले.

१२ मे, बुधवार

पेरणीच्या आधी बरेचजण गावी गेले. जाताना प्रत्येकजण पाया पडला, जसा काही काशीला निघालाय. आता सहाजण उरलेत. दत्तू, धर्मा, आणखी तिघे आणि विठोबा भावजी.

भावजी ह्यांचे जुने दोस्त. घडी खात्यात कापड तपासतात. ठाण विकायला जायच्या आधी उजेडात धरून एकेक तुटका धागा शोधायचा, हे त्यांचं काम. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, गाव धरणाखाली गेलं. बाकीच्यांचं माझ्या चुलीवाचून अडणार नाही, फार तर गावी जातील. भावजींना जायला जागाच नाही. त्यामुळे चूल विझू द्यायची नाही, एवढं मी मनाशी ठरवून टाकलंय. ते कसं जमायचं ते रोज सकाळी ठरवायचं.

अख्खा तांदूळ बंद केला. वाण्याकडे कणी मिळते, ती आणते. कणीचा भात फुगतो बरा, फक्त पाण्याचा अंदाज चुकला की खळ होते. कुळीथ उकडले की पाण्याचं सार आणि दाण्याची उसळ, एका आधणात दोन जेवणं निघतात. नारळाला सुट्टी. कांदा चांगला काळा होईपर्यंत भाजायचा आणि त्यात चमचाभर चण्याचं पीठ परतायचं, वाटण दाट होतं. धर्माला पत्ताही लागला नाही. दत्तूला लागला. मालवणी माणसाला नारळ फसवता येत नाही. पण तोंड उघडायचं नाही असं ठरलंय, त्यामुळे तो फक्त वाटीकडे बघत दुःखी चेहरा करून बसला.

मी सगळ्यांच्या मागून जेवते. पातेल्याला लागलेलं असतं त्यात पाणी घालून पेज करते. मला पेज आवडते. हल्ली पोलक्याच्या बाह्या सैल व्हायला लागल्यात. कापड पूर्वीसारखं राहिलं नाही.

२६ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. सहाही जणांनी उपास धरलाय. भावजींचं समजू शकते, पण दत्तू? गेल्या श्रावणात हाच दत्तू दुर्गाच्या टोपलीपुढे उभा राहून, एका बोंबलाने श्रावण मोडतो का, असं तिला विचारत होता.

दुर्गा शिवडीच्या कोळीवाड्यातली. पावसाळ्यात सुकी मासळी घेऊन येते आणि माझ्या दारात टोपली टेकवून बसते. जाताना ओंजळभर सुकट ठेवते आणि पैशाचं नाव काढलं की शिव्या देते. आज म्हणाली, "तुझे मेले सगले बामण झाले काय गो? माझा धंदा बसवतान."

मला मात्र बरं वाटलं. संकटात माणूस देवाला धरतो. चांगलं आहे.

९ ऑगस्ट, सोमवार

उपास चांगला, पण उपास महाग आहे.

हे पुरुषांना कळत नाही. कणी आणि कुळीथ खाणाऱ्या माणसाला मी कशीही जगवीन. पण उपास म्हटला की साबुदाणा आला, शेंगदाणे आले, बटाटे आले. ते म्हणतात आम्हाला काही नको, पाणी पिऊन राहू. असं कसं? ज्या घरात जेवतो त्या घरात उपाशी माणसाला फराळाचं विचारायचं नाही? आमच्या सासूबाईंनी उपासाच्या माणसाला कधी कोरडं जाऊ दिलं नाही, मी देईन? आज खिचडी केली. शेंगदाणे कमी घातले, पण घातलेच. सगळे पानाकडे बघत बसले. धर्मा म्हणाला, वहिनी, हे कशाला? आणि भावजींनी आपल्यातली निम्मी खिचडी परत पातेल्यात टाकली. शेंगदाणे पचत नाहीत म्हणे.

एका सोमवाराने माझे आठवड्याचे तीन दिवस खाल्ले. पण देवाच्या कामात कुरकूर करू नये.

१६ ऑगस्ट, सोमवार

आज सगळ्यांचा निरंकार. फराळही चालत नाही. पाणी तेवढं चालतं. दत्तूने आल्याआल्या घोषणाच केली. मी विचारलं, निरंकार उपास कोणाच्या सांगण्यावरून? म्हणाला, माझी आजी करायची. मागच्या महिन्यात तोच सांगत होता की ह्या आजीने आयुष्यात एक दिवस मासळी चुकवली नव्हती.

खरं सांगायचं तर साबुदाणा वाचला म्हणून मला हायसं वाटलं. आणि असं वाटलं म्हणून लगेच देवापुढे नाक घासलं.

६ सप्टेंबर, सोमवार

श्रावण संपला, गणपती येऊन गेले. उपास काही गेले नाहीत.

सोमवार तर आहेच. धर्माचा गुरुवार, भावजींचा शनिवार, बाकीच्यांचे मंगळवार आणि चतुर्थ्या. वाराचा मेळच लागत नाही. कणी भिजत टाकावी तर दोघे कमी, म्हणून कमी टाकावी तर उपासवाले पंगतीला आलेले, पण नुसतं ताक मागतात. त्यातही पाणीच जास्त असतं, आता ताक तरी कुठून आणू.

माझ्या मनात वेगळंच येतं. अन्न बिघडलंय माझं. टाकळा, शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला, जे फुकट उगवतं ते सगळं मी त्यांच्या पानात घातलं. रेशनच्या पामतेलाला वास येतो. माणसं तरी किती दिवस गिळणार? तोंडावर बोलता येत नाही म्हणून देवाचं नाव सांगतात आणि दुसरीकडे जाऊन जेवतात, असंच असणार. मागच्या गल्लीत मालनची खाणावळ आहे. तिच्या हाताला चव आहे, हे मी कधी तिच्यासमोर कबूल केलेलं नाही.

९ सप्टेंबर, गुरुवार

गेले मालनकडे. पीठ चाळायची चाळण मागायला म्हणून गेले. माझी चाळण आहे हे तिलाही माहीत आहे.

माझं एकही माणूस तिथे नव्हतं. तिचीही फारशी नव्हती. पंगतीत दोघंच, बाकी पाट भिंतीला टेकवून ठेवलेले. मी विचारलं, माणसं कुठं गेली? मालन कपाळाला हात लावून म्हणाली, "काय सांगू बाई. सगळे उपासाला लागलेत. दत्ताचा, मारुतीचा, संतोषीमातेचा. एकाला तर विचारलं, बाबा आज कोणाचा? तर आठवायला लागला."

आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो. संपामुळे माणसं एवढी देवभोळी झाली याचं तिलाही नवल वाटतं. गिरणी चालू असताना यातल्या एकानेही सप्ताहाला वर्गणी नीट दिली नव्हती. मालन म्हणाली, देव त्यांना यश देवो. मी म्हटलं, देवो.

येताना चाळण घेऊन आले. आता परत द्यायला जायला हवं. मालन वाईट बाई नाही.

१८ सप्टेंबर, शनिवार

आजपासून अधिक महिना, आणि आता सगळ्यांनी एकभुक्त धरलंय. महिनाभर दिवसातून एकदाच जेवायचं. अधिकात करतात काहीजण, शास्त्रात आहे, त्यामुळे मला बोलायला जागा नाही. भावजींनी सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. हे गॅलरीत आधी ठरवून आले होते हे उघड होतं.

रात्रीची चूल पेटवावी लागली नाही. घासलेट वाचलं. मी पेज पिऊन गॅलरीत बसले. इतकी वर्षं रात्री ह्या वेळेला माझ्या पाठीला कळ लागलेली असायची. आज लागली नाही, आणि त्याचंही काही बरं वाटलं नाही.

६ ऑक्टोबर, बुधवार

सगळे गेल्यावर लिहायला बसलेय.

दुपारी भावजी जिन्यात पडले. दुसऱ्या मजल्यावरून खालपर्यंत गडगडलेच असते, पण धर्मा मागे होता, त्याने पोत्यासारखे उचलून आणले. खालच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. मी त्यांना विचारलं, हार्ट आहे का? डॉक्टरांनी भावजींच्या पोटावर हात ठेवला, डोळ्याची पापणी ओढून बघितली, आणि मला म्हणाले, "बाई, हे जेवतात कुठे?"

मी म्हटलं, माझ्याकडे.

"मग वाढत चला," असं म्हणून ते गेले.

असा अपमान माझा आयुष्यात झाला नव्हता. आमच्या सासूबाईंपासून ही खाणावळ आहे. ह्या घरात जेवणारा माणूस जिन्यात भुकेने पडला. मी भावजींना गूळपाणी चमच्याने पाजलं, मग पेज. ते जरा सावरल्यावर बाकीच्या पाचजणांना समोर बसवलं आणि म्हटलं, आता खरं सांगा. माझं अन्न गिळत नसेल तर तसं सांगा, मी कानशिलात मारणार नाही. पण जेवता कुठे आणि कधी?

धर्मा पायाची बोटं मोजत होता. शेवटी दत्तू बोलला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात लग्न नव्हतं.

"वयनी, तुमचो तांदळाचो डबो वाजाक लागलो. तुम्ही माप घालतास तां तळाक खरवडता. आमका पंगतीत आयकाक येता."

मला आधी कळलंच नाही. मग धर्माने हळूहळू सांगितलं. जूनपासून ऐकत होते ते. मी पडद्याआड माप बुडवते, आणि ते पत्र्याच्या तळाला घासलं की सगळ्यांना समजायचं की आज एवढंच आहे. म्हणून ठरवलं की आळीपाळीने कोणीतरी जेवायचं नाही. पण सरळ नको म्हटलं तर वहिनी ऐकणार नाहीत, जबरदस्तीने वाढतील. देवाचं नाव सांगितलं तर वाढणार नाहीत. श्रावणाचे पहिले दोन सोमवार बरोबर चाललं होतं. मग मी साबुदाणा आणला.

"साबुदाणा बघून आमी हबकलोच," धर्मा म्हणाला. "म्हटलं, बाईला वाचवायला गेलो आन् बाई बुडाली. मग निरंकार काढला."

आणि भावजी? भावजी स्वतःच्या वाराला तर राहायचेच, वर धर्माच्या वाट्याला आलेला दुसरा वारही पाळायचे. धर्मा थोराड, त्याला भूक फार.

मी उठले. पडद्याआड गेले आणि पोळपाट धुऊन ठेवलेला होता तो परत धुतला.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवस चिडलेय मी. आज दुर्गा आली तेव्हा तिला सगळं सांगितलं, की बघ, मला फसवलं. मी जेवणार नाही म्हणायचं आणि उपाशी राहायचं, ही काय माणसाची रीत झाली? आणि एवढ्या महिन्यांत एकाला वाटलं नाही की बाईला विचारावं.

दुर्गा टोपलीवरची माशी हाकलत माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आन् तू काय खातंस गो?"

मी म्हटलं माझा विषय वेगळा आहे. मला पेज आवडते.

तिने माझ्या मनगटाला धरून बोटं मिटवली, तिचं बोट बोटाला लागून पुढे गेलं. मग उठून टोपली डोक्यावर घेतली. जाताना दारातून म्हणाली की धोंड्याचा महिना चाललाय, जावयाला जेवायला घालायचा महिना. "तुला पोर नाय तर नाय, पन पाटावर बसवायला सहा मेले हायत ना?"

१० ऑक्टोबर, रविवार

आज धोंडे केले. अधिकात जावयाला वाण देतात आणि वाण नाकारता येत नाही. उपास असो, एकभुक्त असो, नाकारलं तर देणारीला पाप. देवाच्या नावाने हे मला गंडवतात, तर मीही देवाच्याच नावाने गाठलं.

चण्याची डाळ कमी होती, म्हणून निम्मं पुरण डाळीचं आणि निम्मं भिजवलेल्या पांढऱ्या वाटाण्याचं. गूळ घालून आटवलं, सुंठ किसून टाकली, की कोणाच्या बापाला कळत नाही. रेशनच्या गव्हाच्या पारीत भरून उकडले. तूप नव्हतं. चाळण द्यायला गेले तेव्हा मालनने वाटीत बोटभर तूप दिलं. तिलाही सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग डोळ्याला पदर लावला, मग तिच्या माणसांच्या नावाने शिव्या घालत घरात गेली.

सगळ्यांना बोलावून पाटावर बसवलं. कपाळाला कुंकवाचं बोट लावायला मी दत्तूला सांगितलं, माझ्या हाताने नको. त्याने सगळ्यांना लावलं आणि म्हणाला, बघा, जावई झालो आणि लग्न राहिलंच. भावजींना लावताना म्हणाला, "हो जावई सासयेपेक्षा म्हातारो." भावजी हसले. बुधवारपासून पहिल्यांदा.

मी धोंडे वाढले आणि सांगितलं की हे वाण आहे, टाकायचं नाही. आजपासून माझ्या घरात कोणाचा कुठलाही वार नाही. कमी असेल तर सगळ्यांना कमी वाढीन. तळ वाजला तर वाजला, ऐकायचं आणि जेवायचं.

कोणी घास उचलेना. मला वाटलं आता हे माझं वाणही मोडणार. तेवढ्यात भावजी म्हणाले, "वहिनी, तुमचं पान मांडा."

मी म्हटलं मी मागून जेवते. ते म्हणाले, "मागून काय उरतं ते आम्हाला ठाऊक आहे. तुमचं पान मांडल्याशिवाय इथं कोणी हात लावणार नाही."

म्हणजे ह्यांना पातेल्यातही दिसतं की काय? मी सांगितलं की मला भूक नसते, हे मी अगदी खरं सांगतेय. पण सहा माणसं समोर हात मांडीवर ठेवून बसली आणि धोंडे निवायला लागले. शेवटी ताट घेऊन पंगतीच्या टोकाला बसले, भिंतीकडे तोंड करून. पुरुषांच्या पंगतीत मी आजवर कधी बसले नव्हते. निम्मा धोंडा खाल्ला आणि कोणालातरी वाढायला हवं म्हणून उठले.

धोंडे छान झाले होते. तीन खाल्ले, नंतर, उभ्याने.

२१ नोव्हेंबर, रविवार

धर्माला शिवडीच्या गोदामात हमालीचं बदली काम मिळतं, जेव्हा मिळतं तेव्हा. तिथे पोती फुटून जमिनीवर सांडलेलं कडधान्य झाडून गोळा करतात आणि स्वस्तात काढतात. मूग, मसूर, वाटाणे, तूर, सगळं एकत्र, त्यात खडे, दोरे, उंदराच्या लेंड्या. पोतंभर झाडण धर्माने पाठीवर आणली.

मी बघून म्हटलं, हे निवडायला जन्म जाईल. भावजींनी मूठभर उचललं, गॅलरीत उजेडाला धरलं आणि सुपात टाकलं. त्यांचं बोट सरळ खड्यावरच जातं. इतकी वर्षं तुटका धागा शोधलाय, खडा म्हणजे त्यांना दोरखंड. बाकीचेही शिकले. आता दुपारी गॅलरीत सहा माणसं सुपं घेऊन बसतात आणि खालून जाणारी माणसं वर बघतात. दत्तूने एक खडा सोडला तर भावजी म्हणतात, ठाण परत.

मिसळीची आमटी चांगली होते. नाव काय ठेवायचं ते ठरत नाही.

पंगतीत बसायचं म्हणून बसते, पण वाढायला मीच, त्यामुळे दर घासाला उठावं लागतं. चालायचंच.

१६ ऑगस्ट १९८३, मंगळवार

बरेच महिने लिहिलं नाही. पुढच्या वर्षीची डायरी आलीच नाही, कंपनीचा माणूसही बंद झाला. जुन्यातच मागची कोरी पानं आहेत.

संप मिटला असं कोणी म्हणत नाही, पण फाटक उघडलंय. आज आमच्या गिरणीत नावं पुकारली. धर्माला घेतलं. दत्तूला घेतलं. बाकीच्या तिघांतला एक भिवंडीला गेला होता, दोघे लागले. विठोबा भावजींचं नाव आलं नाही. घडी खातंच कमी केलंय म्हणे, आणि वय.

बाकीचे जेवायला आले. उड्या मारायला हव्या होत्या, पण चोरासारखे जेवले. भावजी आले नाहीत. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं. वाट बघितली, मग पायात चपला घातल्या.

फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसले होते. शेजारी पत्र्याची पेटी. खोलीवरून सगळं आवरून आणलं होतं. भिवंडीला जातो म्हणाले, तिथे पॉवरलूमवर कोणी ना कोणी घेईल.

मी विचारलं, "न जेवता?"

"वहिनी, खाणावळ गिरणीवाल्यांची. मी आता कुठला गिरणीवाला? पैसे देणार कशाचे?"

मला रस्त्यात उभं राहून बोलायची सवय नाही. मग मी त्यांना व्यवहाराचं सांगितलं. म्हटलं, पाळ्या परत सुरू होतील. माणसं येतील, दोन तरी पंगती बसतील. मला एकटीला आता वाढणं आणि निवडणं दोन्ही होत नाही. बाजाराला जायला माणूस नाही. झाडण चांगली कुठली ते मला अजून ओळखता येत नाही. मला माणूस हवाय, आणि नवीन माणूस शिकवण्यापेक्षा माहितीतला बरा.

"जेवणाच्या बदल्यात?" त्यांनी विचारलं.

"पगारावर. कमी आहे, पण पगार. जेवण सगळेच जेवतात."

ते पेटीकडे बघत बसले. मी म्हटलं उन्हात उभी आहे, काय ते ठरवा. तेव्हा उठले. पेटी त्यांनी मला उचलू दिली नाही, पण एका बाजूची कडी मी धरलीच. रस्ता ओलांडताना दोघांना सोपं पडतं.

हे सगळं मी कामाच्या सोयीसाठी केलं. मालन हसली, पण तिला हसायला काही लागत नाही.

२८ ऑगस्ट, रविवार

आज घासलेटच्या रांगेत फार वेळ गेला. येईपर्यंत पंगतीची वेळ टळली असणार असं समजून धावत जिना चढले, तर आतून आमटीचा वास. भावजींनी चूल पेटवली होती. भात केला होता, मिसळीची आमटी केली होती, माणसं बसली होती आणि एक पाट मोकळा होता.

मी डबा ठेवून पळी घ्यायला गेले. भावजींनी पळी दिली नाही. म्हणाले, "बसा." दत्तूही म्हणाला, "बसा ओ वयनी, मालक झालास आता, जरा मालकासारख्या बसा."

बसले. भिंतीकडे नाही, सरळ बसले, कारण मोकळा पाट मधोमध होता. भावजींनी मला वाढलं. भात जरा जास्तच वाढला, हात सवयीचा नाही अजून. मी जेवले. एकदाही उठले नाही. मध्ये धर्माला भात हवा होता तेव्हा अंग आपोआप वर उचललं गेलं, पण भावजी आधीच पोचले होते. लग्न होऊन ह्या खोलीत आल्यापासून दुसऱ्या कोणी वाढलेलं पान मी बसून संपवल्याचं मला आठवत नाही. त्यात एवढं काय असतं ते मला कळत नाही, पण जेवून उठल्यावर हात धुवायला गॅलरीत गेले ती बराच वेळ तिथेच उभी राहिले.

आमटीत मीठ अगदीच कमी होतं. कोणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही. भावजींना मिठाचा अंदाज दाखवायला हवा. दाखवीन सावकाश. घाई नाही.